फऱ्याखालची घडी

गेल्या श्रावणात एका दुपारी मला एका निवासी डॉक्टर मुलीचा फोन आला. पुण्यातल्या ज्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात मी चौतीस वर्षे नोकरी केली, तिथे ती सध्या शिकते. निवृत्त होऊन सहा वर्षे झाली तरी तिथली मुले अधूनमधून माझा नंबर शोधून काढतात आणि मलाही ते आवडते. तिच्या विभागात मधुमेह आणि हृदयविकार या विषयावर सेमिनार होते, आणि पुण्याचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या संशोधनाविषयी तिला एक स्लाइड दाखवायची होती. “मॅडम, त्यांचे एकूण पेपर किती, तेवढा आकडा सांगाल का? स्लाइडवर एकाच ओळीची जागा आहे,” ती म्हणाली. मी संगणक लावला, नाव टाइप केले, आणि दहा मिनिटांत तिला आकडा सांगितला. तिने मनापासून आभार मानून फोन ठेवला. तो आकडा मी येथे लिहीत नाही, कारण एवढ्यात तो बदललाही असेल. पण फोन ठेवल्यावर मला जे वाटू लागले ते मात्र अजून तसेच आहे. कोणी एखाद्या घराविषयी विचारावे आणि आपण त्याला फक्त विटा मोजून द्याव्यात, तसे काहीतरी माझ्या हातून घडले होते.

संगणकाच्या पडद्यावर ती यादी अजून उघडीच होती. ग्रंथपालाला याद्या वाचायची सवय असते. इंडेक्स मेडिकसचे, म्हणजे वैद्यकीय लेखांच्या सूचीचे, जाडजूड खंड आमच्याकडे येत असत, त्या काळात एका नावाखालची सगळी शीर्षके शोधायची तर वर्षामागून वर्षाचा खंड उतरवावा लागे, आणि संध्याकाळपर्यंत बोटांना त्या पातळ कागदाचा वास लागे. बाहेरगावच्या संशोधकांची, निबंधाची प्रत मागणारी छापील कार्डे डॉक्टरांच्या टपालात असत; त्यांवरची परदेशी तिकिटे आमचा शिपाई आपल्या मुलासाठी जपून काढून घेई. आता हे सारे एका कळीवर येते. पण यंत्र नवे आधी दाखवते आणि जुने शेवटी, तेव्हा मी क्रम बदलून घेतला आणि सगळ्यांत जुन्या शीर्षकापासून वाचायला बसले. बाहेर पाऊस होता, सून माहेरी बाळंतपणाला गेलेली होती, आणि घरात कोणीच नव्हते.

त्या यादीशी माझे नाते केवळ नोकरीतले नाही. माझे वडील जुन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात प्राथमिक शिक्षक होते. उंच, काटक, उन्हाने रापलेले. शाळेला जाऊन-येऊन रोज आठ किलोमीटर पायी चालणारे. एस.टी. स्टँडवर रंगीत दिव्यांचे वजनाचे यंत्र असे. नाणे टाकले की पुठ्ठ्याचे छोटे तिकीट बाहेर पडे, एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला भविष्य. वडिलांच्या तिकिटावर मी एक्कावन्नच्या वरचा आकडा कधी पाहिला नाही. चव्वेचाळिसाव्या वर्षी त्यांच्या लघवीत साखर निघाली तेव्हा गावात कोणाचा विश्वास बसेना, कारण हा पोट सुटलेल्या, गादीवर बसून खाणाऱ्या माणसांचा रोग अशीच सर्वांची समजूत होती. वडील स्वतः डॉक्टरांना म्हणाले होते, “एक्कावन्न किलोच्या माणसात साखर राहायला जागा कुठे आहे?” त्यांना वाटले तपासणीच चुकली. तेरा वर्षांनी, आषाढातल्या एका पहाटे, त्यांच्या छातीत कळ आली आणि तालुक्याच्या गावी नेईपर्यंत ते गेले. आई पुढे कित्येक वर्षे हेच म्हणत राहिली, की त्यांनी गोड कधी खाल्ले नाही, मग हे आले कोठून?

हे आले कोठून, हाच प्रश्न त्या यादीत पानोपान आहे.

क्रमाने वाचत गेल्यावर मला एक गोष्ट दिसली आणि मी चष्मा पुसून पुन्हा वरून वाचले. निबंधांची वर्षे पुढे सरकतात, पण ज्यांच्याविषयी ते लिहिले आहेत त्या माणसांचे वय मागे मागे जाते. ऑक्सफर्डहून पुण्याला परत येऊन के.ई.एम. रुग्णालयात काम सुरू केलेल्या या डॉक्टरांसमोर आधी बसले ते प्रौढ रुग्ण, तरुण वयात मधुमेह झालेले आणि तरीही पाश्चात्त्य पुस्तकांतल्या रुग्णांइतके लठ्ठ नसलेले, म्हणजे माझ्या वडिलांसारखे. मग १९९५ साली एक निबंध येतो आणि त्यातली माणसे एकदम चार वर्षांची होतात. त्याच रुग्णालयात जन्मलेल्या मुलांना बोलावून, ग्लुकोजचे पाणी पाजून त्यांचे रक्त तपासले होते, आणि जन्मतः ज्यांचे वजन कमी होते त्यांच्या रक्तात अर्ध्या तासानंतरची साखर आणि इन्शुलिन जास्त निघाले होते. चार वर्षांचे मूल ग्लुकोजचे पाणी पिऊन टाकते, पण दंडाला रबरी नळी बांधली की आईच्या पदरात तोंड खुपसते, हे मी आमच्या बाह्यरुग्ण विभागाच्या बाकावर शेकडो वेळा पाहिले आहे. निबंधात त्याचा फक्त तक्ता उरतो. १९९९ साली आठ वर्षांची ४७७ मुले येतात. त्यांत हृदयविकाराकडे नेणाऱ्या खुणा, म्हणजे रक्तदाब, रक्तातली चरबी, इन्शुलिनला न जुमानणारे शरीर, या सर्वांत जास्त कोणात दिसल्या? जी मुले जन्मतः लहान होती आणि आठव्या वर्षापर्यंत अंगाने भरली होती, त्यांच्यात. आपण ज्याला ‘मूल चांगले बाळसे धरते आहे’ म्हणतो त्यातल्या काहींच्या शरीरात ही गाठ आधीच बसलेली असते, हे वाचून मला पदराने तोंड पुसावेसे वाटले.

आणि २००२ साली तर वय शून्यावर येते. पुणे आणि लंडन या दोन शहरांतल्या बाळांच्या नाळेतले रक्त घेऊन पाहिले, तेव्हा जन्माच्या त्या क्षणीच इथल्या बाळांत इन्शुलिन जास्त आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त आढळली. बाळाने अजून दुधाचा थेंबही घेतलेला नव्हता. माझ्या आईच्या प्रश्नाला, गोड कधी खाल्ले नाही मग हे आले कोठून या प्रश्नाला, इतके सरळ उत्तर मी दुसरीकडे वाचलेले नाही.

त्याच्या पुढच्या वर्षीचा निबंध मात्र मला तोंडपाठ आहे, कारण तो अंक ग्रंथालयात आला तेव्हा मीच त्यावर शिक्का मारला होता आणि दुपारच्या सुट्टीत डबा बाजूला ठेवून तो वाचला होता. पुण्याजवळच्या खेड्यांतली ६३१ बाळे आणि इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३३८ बाळे यांची मापे शेजारी शेजारी ठेवली होती. इथले सरासरी वजन २.७ किलो, तिथले ३.५ किलो. आपले बाळ सगळीकडूनच लहान होते, पण सगळीकडून सारखे लहान नव्हते. पोटाचा घेर सर्वांत कमी, म्हणजे आतली यकृतासारखी इंद्रिये लहान. दंड बारीक, म्हणजे स्नायू थोडे. डोके त्या मानाने राखलेले. आणि सर्वांत कमी फरक कुठे होता, तर पाठीवर खांद्याच्या फऱ्याखाली चिमटीत धरलेल्या कातडीच्या घडीत, जिच्या आत चरबी असते. त्यातही जी बाळे सर्वांत हलकी, त्यांची ही घडी त्या मानाने जास्तच टिकलेली होती. दिसायला किडकिडीत आणि आतून चरबीदार, अशा या भारतीय बाळाला त्यांनी ‘थिन-फॅट’ बाळ म्हटले. कॅलिपर नावाच्या चिमट्याने मोजलेली काही मिलिमीटरची ती घडी. माझ्या वडिलांच्या बनियनमधून दिसणारी पाठ मला त्या दुपारी आठवली होती. फरे पंखांसारखे वर आलेले आणि त्यांच्या खाली, इतक्या वाळक्या अंगावर न शोभणारा, मऊ भाग. लहानपणी त्यांच्या पाठीला तेल लावताना माझी बोटे तिथे गेलेली होती.

निबंध २००३ चा असला तरी त्यातले काम १९९३ पासूनचे. ही दहा वर्षे शीर्षकात कुठेच नसतात. साउदॅम्प्टनचे संशोधक डेव्हिड बार्कर आणि कॅरोलिन फॉल यांच्या सहकार्याने पुणे जिल्ह्यातली सहा गावे निवडली गेली, आणि तिथल्या दोन हजारांहून अधिक विवाहित स्त्रियांकडे दर महिन्याला एक बाई जाऊ लागली. तिने विचारायचे ते एवढेच, की पाळी कधी आली. हे वाक्य लिहायला सोपे आहे. ज्या घरांत ही गोष्ट ‘कावळा शिवला’, ‘बाहेरची झाली’, ‘अडचण आहे’ अशी आडून सांगितली जाते, जिथे सासू ओटीवर गहू निवडत कान देऊन बसलेली असते, तिथे नव्या सुनेने परक्या बाईला तारीख सांगायची, तीही पुढच्या महिन्यात पुन्हा. गर्भ राहण्याच्या आधी आई कशी होती हे कळायला दुसरा मार्ग नव्हता. दिवस गेल्यावर नाव नोंदवायला आलेल्या बाईचे आधीचे वजन कोणाला ठाऊक असणार? त्या स्त्रियांचे सरासरी वजन ४२ किलोच्या आसपास होते. माझ्या वडिलांपेक्षाही नऊ किलोंनी कमी.

ही पद्धत पाहून मला बार्कर यांच्या जुन्या निबंधाची आठवण होते, कारण त्याचाही पाया अशाच फिरणाऱ्या बायकांनी घातला होता. इंग्लंडच्या हर्टफर्डशायर परगण्यात १९११ पासून आरोग्यसेविका सायकलवरून घरोघर जाऊन बाळांचे जन्माचे आणि वर्षाचे वजन वहीत लिहीत होत्या. त्या वह्या कपाटांत पडून राहिल्या. बार्करांनी त्या बाहेर काढल्या, त्यांतल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले हे शोधले, आणि १९८९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडले, की ज्यांचे वजन जन्मतः व पहिल्या वर्षी सर्वांत कमी होते, ते हृदयविकाराने सर्वांत जास्त मेले. ग्रंथपालाच्या मनात अशा कपाटाविषयी काय दाटून येते हे मला सांगता येणार नाही. मात्र हर्टफर्डशायरच्या वह्या आधी लिहिल्या गेल्या आणि प्रश्न नंतर सुचला. पुण्याच्या वह्यांत प्रश्न आधी होता आणि उत्तरासाठी मुले वाढण्याची वाट पाहायची होती. चाळिशीत होणारा रोग आहे. वाट किती पाहायची याचा हिशेब करूनच ज्यांनी पहिली तारीख वहीत लिहिली, त्यांच्या धीराला मी नमस्कार करते.

या बायका काय खात होत्या याचाही हिशेब त्या यादीत आहे, आणि २००१ सालच्या त्या निबंधाशी माझे भांडण आहे. भांडण निबंधाशी नाही, त्याने जे आठवायला लावले त्याच्याशी. आईने एकूण किती खाल्ले याच्याशी बाळाच्या आकाराचा फारसा संबंध दिसला नाही. संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्यांशी, फळांशी आणि दुधाशी. माझी आई सर्वांत शेवटी जेवायला बसे. पातेल्याच्या तळाचे कालवण, रस्सा संपून उरलेल्या फोडी, आणि भाकरी मात्र पोटभर. चाकवत, तांदुळजा बांधावर उगवे, पण भाजी निवडायला वेळ ज्या दिवशी असे त्या दिवशीच ती शिजे. फळ आजाऱ्यासाठी आणि उपवासासाठी; दूध चहाला, वडिलांना आणि धाकट्याला. दुसऱ्या एका निबंधात याच गावांतल्या स्त्रियांच्या कष्टांची नोंद आहे, आणि कामाचा भार जितका जास्त तितके बाळ लहान असे त्यातून दिसते. सात बाळंतपणे झालेली माझी आई नवव्या महिन्यापर्यंत आडावरून पाणी ओढत होती. ही वाक्ये वाचताना मला प्रथम राग आला. वडिलांच्या वेळी रोगाचा दोष त्यांच्या जिभेवर गेला, आणि आता तो आजीच्या, आईच्या पोटावर जाणार का? शास्त्राने कोणालाही दोष दिलेला नाही, हे मला कळते. त्या तक्त्यांतून उलट असेच दिसते, की जिला ताटात कमी वाढले गेले तिचे मूल पुढे ते सोसते. पण ओटीवर बसलेली सासू तक्ता वाचत नाही. ती ‘पोटातूनच आणलंय’ एवढेच ऐकते, आणि ते कोणाच्या पोटातून हे विचारायला फार वेळ लागत नाही. या दोन भावनांचा मेळ मला अजून घालता आलेला नाही.

२००४ सालचा एक अगदी छोटा मजकूर आहे, एकाच पानाचा, आणि जगभर तो ओळखला जातो. त्यातल्या छायाचित्रात याज्ञिक आणि लंडनचे संशोधक जॉन युडकिन शेजारी शेजारी उभे आहेत, दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक एकच, २२.३. यंत्रात शरीरातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. संशोधकाने स्वतःचेच शरीर पुराव्यात मांडावे, सदरा इस्त्री केलेला असावा आणि आतले सारे आकड्यांत छापून यावे, हे मला फार मोठे वाटते. एस.टी. स्टँडवरच्या त्या तिकिटावर छापलेल्या एक्कावन्नने माझ्या वडिलांविषयी किती थोडे सांगितले होते, हे त्या छायाचित्राइतके स्पष्ट मला कशानेच झाले नाही.

पुढची पाने माझ्या स्वतःच्या ताटापर्यंत येतात. पुण्याच्या परिसरातल्या ४४१ पुरुषांची तपासणी झाली. खेड्यातले, झोपडपट्टीतले आणि शहरी मध्यमवर्गीय. ६७ टक्क्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते, आणि मध्यमवर्गीयांत तर ८१ टक्क्यांच्या. ते वनस्पतीत नसतेच. आमच्या घरात शाकाहाराचा अभिमान होता, एकादशी-चतुर्थी होत्या, आणि त्यात कमी पडणारी एक गोष्ट आहे हे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. मग २००८ सालचा निबंध: ज्या आयांच्या रक्तात गरोदरपणी ब-१२ कमी आणि फोलेट, म्हणजे फॉलिक ॲसिडच्या गोळीतून मिळणारे जीवनसत्त्व, जास्त होते, त्यांच्या सहा वर्षांच्या मुलांत इन्शुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त होता. गरोदरपणी सरकारी दवाखान्यातून मिळालेल्या लोह आणि फॉलिक ॲसिडच्या गोळ्या मी एक दिवसही न चुकवता घेतल्या होत्या. त्या घ्यायलाच हव्या होत्या, आजही घ्यायला हव्यात. पण दुसऱ्या गोष्टीची उणीव कोणी पाहिली नव्हती. माझ्या मुलाची साखर गेल्या वर्षी काठावर आली. त्या रात्री मी हा निबंध पुन्हा काढला नाही.

यादीच्या अलीकडच्या टोकाला त्या सहा गावांतली बाळे अठरा वर्षांची होऊन परत येतात. २०२१ सालच्या निबंधात ६१९ जण आहेत. जवळजवळ निम्मे वजनाने कमी भरलेले, आणि तरीही मुलग्यांपैकी ३७ टक्के व मुलींपैकी १८ टक्के यांची साखर हाताळण्याची शक्ती बिघडलेली. अठरा वर्षांचे, खेड्यातले, हडकुळे मुलगे. त्याआधी, २०१२ पासून, याच मुलामुलींना रोज फक्त २ मायक्रोग्रॅम ब-१२ देऊन पाहण्याचा प्रयोग सुरू झाला, त्यांची लग्ने होण्याच्या आधीपासून, त्यांना होणाऱ्या बाळांसाठी. म्हणजे मागे मागे जाणारी ती यादी गर्भाशयाशीही थांबली नाही; ती अजून गर्भ न राहिलेल्या मुलीपर्यंत गेली, आणि तिथून पुढच्या पिढीकडे वळली. १९९३ साली परक्या बाईला तारीख सांगताना मान खाली घालणाऱ्या स्त्रियांची नातवंडे आता या वह्यांत आहेत.

भाद्रपदात सून बाळंत झाली. मुलगा, २ किलो ६०० ग्रॅम. व्याही फोनवर म्हणाले, “जरा बारीक आहे, पण भरेल.” मी गेले तेव्हा अंग लावणाऱ्या मावशींनी त्याला पायांवर पालथे घातले होते. खोलीत शेगडीवरच्या ओव्याचा धूर होता, तेलाचा वास होता. दंड माझ्या अंगठ्याएवढे. मावशी म्हणाल्या, “धरा तुम्ही, हात ओला आहे तुमचा?” मी हात पुसले आणि त्याच्या पाठीवर ठेवले. फऱ्याखाली दोन बोटांत कातडी हलकेच धरली. ती मऊ होती, जाड होती, आणि बाळ जागे झाले.

घरी परतल्यावर मी त्या डॉक्टर मुलीला फोन केला. मी सांगितलेला आकडा बरोबर आहे, पण जागा एकाच ओळीची असेल तर तिथे सहा गावे आणि १९९३ हे साल लिही, असे मी तिला सांगणार होते. सेमिनार होऊन तीन आठवडे झाले आहेत, असे ती म्हणाली. तरीही मी तिला त्या दर महिन्याच्या भेटींविषयी सांगितले, आणि ती मध्ये एकदाही न बोलता ऐकत राहिली. मग तिने विचारले, “मॅडम, ज्यांनी तेव्हा तारखा सांगितल्या, त्या बायका आता केवढ्या असतील?”

मी मनात हिशेब केला. तेव्हा विशीत होत्या.

“पन्नाशी ओलांडली असेल,” मी म्हटले. “माझ्या सर्वांत धाकट्या बहिणीच्या वयाच्या.”